पडद्यावरची वीज आणि गावातली वीज

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या मेळाव्यातील भाषण)



लोकप्रिय चित्रपट पाहून लोक ऊर्जेच्या प्रश्नावर कामास लागतात काय, हा आजचा विषय आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. आशुतोष गोवारीकर यांचा 'स्वदेस' हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. त्याचे बरेचसे चित्रीकरण वाईजवळील मेणवली येथे झाले. अमेरिकेत अवकाशसंशोधन संस्थेत काम करणारा अभियंता गावी येतो आणि गावकऱ्यांच्या श्रमाने डोंगरावरील पाण्यापासून वीज निर्माण करतो, अशी त्याची कथा आहे. दिवा लागताच एका वृद्धेचा चेहरा उजळतो, तो प्रसंग पाहून डोळे न पाणावलेला प्रेक्षक विरळाच.

परंतु असे काम त्यापूर्वीच आपल्या राज्यात झाले होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. नंदुरबार जिल्ह्यातील बिलगाव या आदिवासी गावाने २००३ साली श्रमदानाने, धबधब्याच्या पाण्यावर सुमारे १५ किलोवॅटचे छोटे वीजकेंद्र उभारले. गोवारीकर ते गाव पाहून आले होते, असे सांगतात. १५ किलोवॅट म्हणजे आजचे नऊ वॅटचे दीड हजारांहून अधिक दिवे. तेव्हा येथे चित्रपटाने गावास जागे केले नाही, गाव आधीच जागे होते. पुढे २००६ साली सरदार सरोवराच्या पाण्यात ते केंद्र बुडाले. पडद्यावरचा दिवा पाहून हळहळलेल्या किती जणांपर्यंत ही वार्ता पोहोचली असेल?

मग चित्रपट निरुपयोगी समजावा काय? तसे मी म्हणणार नाही. श्याम बेनेगल यांच्या 'मंथन' (१९७६) या चित्रपटाचा विषय वीज नसून दूध होता. पण आपल्या कामाचा धडा तेथे आहे. गुजरातेतील पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन तो काढविला. डॉ. वर्गीस कुरियन यांनी त्याच्या प्रती खेड्यापाड्यांत दाखविल्या आणि चित्रपटाबरोबर पशुवैद्य, दुग्धतंत्रज्ञ व चाऱ्याचे जाणकार यांचे पथकही धाडले. खेळ पाहून उत्सुक झालेल्या शेतकऱ्यास, आता काय करावयाचे, हे सांगणारा माणूस समोरच उभा होता. माझ्या मते सारे यश या एका योजनेत आहे.

ऊर्जेच्या बाबतीत अडचण अशी की, आपले खरे दोष पडद्यावर शोभत नाहीत. कृषिपंपांना बसविलेल्या ऑटोस्विचमुळे वीज येताच सारे पंप एकदम सुरू होतात आणि रोहित्र जळते. यात नायक कोण आणि खलनायक कोण? तारेवर आकडा टाकणारा तर बहुधा आपलाच शेजारी असतो, आणि त्यास दुखविण्यास सरपंचही कचरतात.

म्हणून शाळेच्या पटांगणावर असा खेळ ठेवाल, तेव्हा त्याच संध्याकाळी वायरमन व शाखा अभियंता यांना बोलवा. ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसविण्यास कोण तयार आहे, त्यांची नावे तेथेच लिहून घ्या. घराच्या छपरावर सौर पॅनेल बसविण्यासाठी २०२४ पासून केंद्र शासनाचे तीन किलोवॅटपर्यंत कमाल ७८ हजार रुपये अनुदान आहे. त्याचा अर्ज कसा भरावा, हे शिक्षकांनी दाखवावे. महिनाभराने ती यादी ग्रामसभेत वाचावी, आणि राहिलेल्यांच्या घरी सदस्यांनी स्वतः जावे.