एका वकिलाने बसवलेला दगड
(बदलापूर येथील बैठकीत झालेले भाषण)



आज बैठकीला तुमच्यापैकी बरेच जण लोकलने आले. कल्याण सुटले की विठ्ठलवाडी, मग उल्हासनगर, मग अंबरनाथ, मग बदलापूर. या वाटेवर बसवलेल्या एका दगडाची आणि तो बसवणाऱ्या वकिलाची गोष्ट मला सांगायची आहे. गोष्ट जुनी आहे, पण तुमच्या सातबाऱ्याशी तिचा संबंध आहे.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी उभी केली. लढाई संपली, शिपाई गेले, बराकी रिकाम्या राहिल्या. फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार टाकून आलेली माणसे या बराकींत येऊन पडली. सुमारे लाखभर माणसे! ८ ऑगस्ट १९४९ रोजी देशाचे गव्हर्नर जनरल इथे आले, त्यांनी पायाचा दगड बसवला आणि उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर नाव मिळाले. गव्हर्नर जनरल होते चक्रवर्ती राजगोपालाचारी. लोक त्यांना राजाजी म्हणत.

मद्राशी माणूस म्हटले की आपल्याकडे काही जणांच्या कपाळाला आठी पडते. १९६६ नंतर मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध काय घोषणा झाल्या, ते वयस्कर मंडळींना आठवत असेल. पण कोण कुठून आला हे मोजायला बसलो, तर उल्हासनगर-अंबरनाथात मोजणाराही बाहेरचाच निघेल. ते राहू द्या.

राजाजींचा जन्म १८७८ चा, तमिळ मुलुखातल्या सेलम जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. सेलमला वकिली सुरू केली, ती जोरात चालली. तिथल्या नगरपालिकेचे ते अध्यक्ष झाले. मग गांधी आले आणि वकिली सुटली. १९३० साली दांडीसारखीच मिठाची यात्रा त्यांनी तंजावरच्या किनाऱ्यावर वेदारण्यमला नेली आणि तुरुंगात गेले. हे सगळे पुस्तकांत आहे. पुस्तकांत ज्यावर फार कोणी बोट ठेवत नाही, ते मी सांगतो.

१९३७ साली राजाजी मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री झाले. मंदीने शेतकरी पुरता बुडालेला. १९३८ साली त्यांनी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आणला. आपल्याकडे दामदुप्पट हा शब्द आजीलासुद्धा माहीत असतो. मुद्दलाच्या दुपटीहून जास्त सावकाराने घेऊ नये, हा जुना न्याय. राजाजींनी तोच कायद्यात बसवला. १ ऑक्टोबर १९३२ पूर्वीच्या कर्जावर १९३७ च्या ऑक्टोबरपर्यंत थकलेले व्याज माफ, आणि मुद्दलाच्या दुप्पट रक्कम आधीच फेडली असेल तर कर्जच संपले! सावकार ओरडले. वकील माणूस होता, कुठे गाठ मारायची आणि कुठे सोडायची ते त्याला कळत होते.

दुसरी गोष्ट १९५२ ची. राजाजी पुन्हा मद्रासचे मुख्यमंत्री झाले. रेशनिंग आणि धान्याची जिल्हाबंदी चालू होती. शेतकऱ्याच्या घरातून सरकार ठरवील त्या भावाने धान्य उचलायचे, असा तो कारभार. आपण लेव्ही भोगली आहे, मला समजावून सांगायला नको. अधिकारी म्हणाले, नियंत्रण उठवले तर दुष्काळ पडेल. राजाजींनी नियंत्रण उठवले. धान्य बाजारात आले. आकाश कोसळले नाही.

आता हा माणूस देव होता असे मी म्हणत नाही. १९५३ साली त्यांनी शाळांची अशी योजना आणली की पोराने अर्धा दिवस शिकायचे आणि उरलेला वेळ बापाचा धंदा बघायचा. म्हणजे कुंभाराच्या पोराने मडकीच करायची. लोक खवळले, १९५४ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले, आणि ते योग्यच झाले. याहून मोठी चूक आपल्याशी संबंधित आहे. १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती झाली, नववे परिशिष्ट जन्माला आले. या परिशिष्टात घातलेल्या जमिनीच्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे कोर्टात आव्हान द्यायची वाट बंद झाली. त्या वेळी नेहरूंच्या मंत्रिमंडळात गृहमंत्री कोण होते? राजाजीच.

म्हणून पुढचे महत्त्वाचे वाटते. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसने नागपूरला सहकारी शेतीचा ठराव केला. राजाजींचे वय तेव्हा ऐंशी. या वयात माणूस नातवंडे खेळवतो. यांनी आयुष्यभराचे सोबती सोडले आणि नवा पक्ष काढला, स्वतंत्र पक्ष. ऑगस्ट १९५९ मध्ये त्याचे अधिवेशन मुंबईत भरले. अध्यक्ष प्रा. रंगा, आंध्रातले शेतकऱ्यांचे नेते. मुंबईचे मिनू मसानी सरचिटणीस. लायसेन्स-परमिट राज्य हा शब्द राजाजींनीच रूढ केला. १९६४ साली सतरावी घटनादुरुस्ती आली आणि नवव्या परिशिष्टात आणखी चव्वेचाळीस कायदे भरले गेले. आपला १९६१ चा महाराष्ट्राचा कमाल शेतजमीनधारणा कायदा त्यातलाच. रयतवारीची, म्हणजे साध्या कुणब्याची जमीनही या तडाख्यात आली. स्वतंत्र पक्षाने कडाडून विरोध केला. १९५१ मध्ये सरकारात बसून जे चालवून घेतले, त्याच्याच वाढलेल्या झाडावर म्हाताऱ्याने कुऱ्हाड घातली. झाड पडले नाही. १९६७ मध्ये पक्षाचे ४४ खासदार झाले, १९७२ च्या २५ डिसेंबरला राजाजी गेले, दोन वर्षांत पक्षही विसर्जित झाला.

आणि त्या झाडाची फळे इथे पिकली. १९७६ साली नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. त्याच्या यादीत उल्हासनगरचा शहरी पट्टाही होता. शहराच्या आराखड्यात शेत ज्या दिवशी घरबांधणीसाठी रंगवले गेले, त्या दिवसापासून ते शेत राहिले नाही, मोकळी जमीन झाली. मर्यादेवरची जमीन सरकारजमा. मोबदला किती? चौरस मीटरला जास्तीत जास्त पाच ते दहा रुपये, शहराच्या वर्गाप्रमाणे. या मीटरमध्ये चहाही आला नाही पुढे!

तो कायदा मोडण्यात पुढाकार कोणाचा, तेही ऐका. कराचीहून १९४८ मध्ये निर्वासित होऊन आलेला दुसरा एक वकील, राम जेठमलानी. आल्या आल्या त्यांनी निर्वासितांवर जाच करणाऱ्या मुंबई सरकारच्या कायद्याला हायकोर्टात आव्हान दिले. १९७१ मध्ये उल्हासनगरातून अपक्ष उभे राहिले आणि पडले. नंतर १९९८-९९ मध्ये ते केंद्रात नगरविकास मंत्री असताना कमाल धारणा कायदा रद्द करणारा कायदा संसदेत मंजूर झाला. महाराष्ट्राने तो स्वीकारला कधी? नोव्हेंबर २००७! साडेआठ वर्षे आपले सरकार कशाची वाट पाहत होते, ते तुम्हीच ओळखा.

आता दगडाकडे येतो. निर्वासितांना छप्पर मिळाले याचे मला वाईट वाटत नाही. ती माणसे लुटली गेलेली होती. पण छावण्या काही आभाळात बांधत नाहीत. उल्हासनगरपासून हाकेच्या अंतरावर नेवाळी आहे. १९४२ च्या सुमारास विमानतळासाठी तिथल्या गावांची दीड हजार एकरांहून जास्त जमीन सरकारने घेतली. लढाई १९४५ मध्ये संपली. जमीन परत मिळेल असे सांगितले होते, असे शेतकरी तिसऱ्या पिढीत सांगत आहेत. नौदलाने भिंत बांधायला घेतली तेव्हा, २२ जून २०१७ रोजी, नेवाळीत आंदोलन पेटले, गाड्या जळल्या, पोलीसही जखमी झाले आणि शेतकरीही. मला जाळपोळ मान्य नाही. पण पंच्याहत्तर वर्षे अर्ज करून थकलेल्या माणसाला शांत राहा असे सांगताना माझी जीभ अडखळते.

सिंधी निर्वासिताला बराकीची सनद हवी होती, नेवाळीच्या शेतकऱ्याला सातबारा हवा आहे. कागद वेगळे, भूक एकच. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, तेव्हा दोघांच्याही पायाखालचे तेवढे निघाले. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला वाढला, हे खरे. बदलापूरजवळून मुंबई-वडोदरा महामार्ग जातो, तिथल्या लोकांना ते ठाऊक आहे. पण “देत नाही” म्हणायचा हक्क अजून कुठे आहे?

तेव्हा पुढच्या बैठकीला मोकळ्या हाताने येऊ नका. ज्यांच्या घरात पत्र्याच्या पेटीत १९४२-४३ च्या नोटिसा, भाड्याच्या किंवा नुकसानभरपाईच्या पावत्या, जुने फेरफार असतील, त्यांनी त्यांच्या प्रती काढून आणाव्यात. मूळ कागद कोणालाही, मलासुद्धा, देऊ नका.