ग्वांगजांगच्या मावश्या

आज जाऊया सोलच्या ग्वांगजांग मार्केटमध्ये. कोरियन रील्स बघत असाल तर ओळखीचं वाटेल. बाकांवर दाटीवाटीने बसलेली माणसं आणि तव्यावर भरपूर तेलात चरचरणारं पिवळं काहीतरी. ते म्हणजे बिंदेत्तोक. नावाला घाबरू नका, मुगाचं धिरडंच आहे! भिजवून वाटलेली मुगाची डाळ, मोड, कांद्याची पात. डाळ दळायला दगडी जातं, फक्त त्याला मोटर लावलेली. शाकाहारींनो, आधी विचारून घ्या हं. कधी पिठात डुकराचं मांस असतं, किमचीतही बहुतेक वेळा मासळी असतेच.

गेल्या वर्षी आई तीन आठवडे माझ्याकडे होती. मी दिवसभर ऑफिसात, ती अकराव्या मजल्यावर एकटी. वॉशिंग मशीनची बटणंसुद्धा कोरियनमध्ये. चौथ्या दिवशी म्हणाली, "मला इथं काहीच येत नाही रे."

शनिवारी तिला बाजारात आणलं. जात्यापाशी थांबून म्हणाली, "जाडसर ठेवलीय डाळ, म्हणून कुरकुरीत होतं." तव्यामागच्या बाईंना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी गरम तुकडा तोडून आईच्या हातावर ठेवला. अशा बाईंना इथे गिऱ्हाईक 'इमो' म्हणून हाक मारतं. इमो म्हणजे मावशी, अगदी आईची सख्खी बहीण! हे ऐकून आई जी खुलली...

पण रील्स खाऊगल्लीतच संपतात, आणि हा बाजार मुळात कापडाचा. जपानचा पगडा वाढत होता त्या काळात, १९०५ साली, कोरियन व्यापाऱ्यांनी तो उभा केला. त्याच वर्षी पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली होती. वरच्या मजल्यावर अजून रेशीम मिळतं, हानबोक शिवून मिळतात. मला विचाराल तर आधी वर जा, मग खायला या. फक्त रविवारी जाऊ नका, कापडवाले बंद असतात.

आईने रेशीम दोन बोटांत चोळून पाहिलं. दुकानदारीणबाईंनी कॅल्क्युलेटरवर भाव दाखवला. आईने तोच कॅल्क्युलेटर घेतला, आकडा कमी केला, परत दिला. मी मध्ये बोलायला गेलो तर मलाच गप्प केलं. चार वेळा कॅल्क्युलेटर इकडून तिकडे, आणि सौदा पक्का.

पुढच्या मंगळवारी ऑफिसात तिचा फोटो आला. जोंगनो ५-गा स्टेशनची पाटी. एकटीच निघाली होती, सबवेने.