राखणीचा कुत्रा भुंकत का नाही?



माझ्या जाऊबाईंना वर्षभर शौचावाटे रक्त जात होतं. मूळव्याध समजून त्या चूर्ण घेत राहिल्या. मोसंबीची तोड, उसाचं पाणी, लेकीचं बाळंतपण, बाईला दवाखान्याची सवड कुठली! आणि असल्या जागेचं दुखणं सांगायचं तरी कुणाला? शेवटी दुर्बिणीने तपासलं तर मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे.

परवा कुणीतरी त्यांना मोबाईलवर दाखवलं, ‘औषधाने आतड्याची गाठ विरघळते, ऑपरेशन नको.’ बातमी अगदीच खोटी नाही. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात गुदाशयाच्या कॅन्सरच्या १२ रुग्णांनी डोस्टारलिमॅबचा उपचार पूर्ण केला आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली, असं २०२२ साली जाहीर झालं. पण त्यांच्या गाठी एका खास प्रकारच्या होत्या, हे त्या व्हिडिओत नव्हतं.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शेतावरचा राखणीचा कुत्रा. कॅन्सर आपल्याच पेशीतून उपजतो. घरच्या माणसावर कुत्रा भुंकेल कसा? काही गाठींत मात्र पेशीची आपल्या चुका दुरुस्त करायची सोय बिघडलेली असते. चुका साठून ती परकी दिसायला लागते. कुत्रा ओळखतो, पण गाठीने त्याला मुसकं बांधलेलं असतं. हे औषध ते मुसकं सोडतं. शरीरात पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी शंभरात पाचेक. जाऊबाईंची तशी नाही.

बाकीच्यांसाठी शास्त्रज्ञ नवी खूण शोधतायत, जी पाहून कुत्रा भुंकेल. आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयाने घडवलेल्या नेक्सकार१९ या उपचाराला २०२३च्या ऑक्टोबरात मान्यता मिळाली. तो रक्ताच्या कॅन्सरवरचा. रुग्णाच्याच पेशी काढून त्यांना सीडी१९ ही खूण ओळखायला शिकवतात. ती खूण काही निरोगी रक्तपेशींवरही असते, पण त्या गेल्या तरी माणूस निभावतो. आतड्याच्या गाठीवर सापडणाऱ्या बऱ्याच खुणा निरोगी आतड्यावरही असतात. आतडं गेल्यावर कसं निभवायचं? घोडं अडलंय ते इथे.

म्हणून जाऊबाईंना मी केमो अर्धवट सोडू देत नाही. तुमच्या घरी कुणाला हा आजार निघाला तर डॉक्टरांना विचारा, ‘तुकड्याची एमएमआर तपासणी केली का?’ काढलेला तुकडा मेणात जपून ठेवलेला असतो, त्यावरच ती होते. आणि रक्त जात असेल तर चूर्णाआधी डॉक्टरला दाखवा. मी जाऊबाईंना हे वर्षभर उशिरा म्हटलं.