न्हाणीघर नवे करताना

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी हा विषय जाहीर केला तेव्हा मागच्या रांगेत थोडे हसू उमटले, ते माझ्या कानांवर आले आहे. मागल्या सभेत संतवाङ्मय आणि या सभेत न्हाणीघर! पण ज्या चार फूट बाय सहा फूट जागेपायी घरातले दीड लाख रुपये जातात आणि पंधरा-वीस दिवस सगळ्यांची कुचंबणा होते, तिचा विचार आपण बायकांनी नाही करावयाचा तर कोणी? आमचे न्हाणीघर आम्ही गेल्या हिवाळ्यात नवे केले. त्या वेळच्या माझ्या वहीतले थोडे तुम्हांला वाचून दाखवते.

हातोडा पडण्यापूर्वी एक प्रश्न सोसायटीत विचारून घ्यावा. आपली इमारत पुनर्विकासाला निघाली आहे काय? अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत जुन्या सोसायट्यांतून हीच चर्चा आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे महापालिकेच्या कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा तो अहवाल सोसायटीच्या दप्तरी असावयास हवा. तो मागून वाचा. दोन-तीन वर्षांत घर रिकामे करावयाचे असेल, तर गळती थांबविण्यापुरते काम करा आणि भारी नळ-टाइलांचा मोह आवरा. फोडकामाला समितीची लेखी परवानगी लागते, तीही त्याच वेळी घ्यावी.

आता खरे दुखणे कुठे असते ते सांगते. आपल्याकडच्या पुष्कळ इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा फूटभर खोल असतो. त्या खोलगट भागात सांडपाण्याच्या नळ्या टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि त्यावर लादी बसवितात. लादीचे सांधे सुटले किंवा नहाणी ट्रॅपच्या कडेला फट पडली की पाणी खाली झिरपते, आणि हा विटांचा भराव ते स्पंजासारखे धरून ठेवतो. वरून न्हाणीघर कोरडे ठणठणीत दिसते. डाग पडतो तो खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर. पुढे स्लॅबातली सळई गंजते, गंजली की फुगते, आणि खालच्यांच्या डोक्यावर गिलावा सुटू लागतो.

अशा वेळी खालच्या आणि वरच्या घरांत जे शब्द होतात ते तुम्ही सर्वजणींनी ऐकलेच आहेत. वर्षानुवर्षे डाळ-साखर उसनी देणारी घरे हळदीकुंकवाला जायची थांबतात! नियम पाहू गेले तर सरळ आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची किंवा बाहेरच्या भिंतींतून येणारी पावसाची गळती सोसायटीने दुरुस्त करावयाची. शौचालय, सिंक यांच्यामुळे होणारी आतली गळती ज्याच्या घरातली असेल त्याने, स्वखर्चाने. म्हणून मी घरात पहिल्याच दिवशी सांगितले की जे झाकले जाणार आहे त्याचे पैसे आधी बाजूला काढावयाचे, आणि जे दिसणार आहे ते उरलेल्यातून. आमची मंडळी टाइलचा रंग हिरवट असावा की निळसर यावर दोन रविवार बोलत होती. बोलू दिले. तेवढ्यात मी मापे घेतली.

मापे स्वतः घ्या, अवघड नाही. चार बाय सहाच्या खोलीच्या चार भिंती मिळून वीस फूट. सात फूट उंचीपर्यंत टाइल लावावयाच्या तर एकशेचाळीस चौरस फूट. त्यातून दार वजा केले की सुमारे सव्वाशे. जमीन चोवीस. तुटफुटीला दहावा हिस्सा धरून आम्हांला एकंदर एकशेसाठ चौरस फूट टाइल लागली. हा हिशेब हाती असला की दुकानदार दोन पेट्या जास्त खपवू शकत नाही. बहुतेक टाइल गुजरातेतल्या मोरबीहून येते, तेव्हा नाव कोणतेही असले तरी जमिनीची टाइल खरखरीत आहे ना, ओल्या बोटाने घसरत नाही ना, एवढे पाहावे.

मग तीन कंत्राटदार बोलाविले. पहिल्याने उभ्याउभ्या ठोक नव्वद हजार सांगितले, दुसऱ्याने सव्वा लाख, तिसऱ्याने एक लाख चाळीस. पहिला स्वस्त वाटेल. पण मी एकच यादी लिहून तिघांच्या हाती दिली आणि प्रत्येक कामापुढे आकडा मागितला, तेव्हा पहिल्याच्या नव्वदात नळ, कमोड, दार आणि डेब्रिज उचलणे काहीच नव्हते. एकच यादी तिघांना दिल्याखेरीज तुलना होत नाही. 'मजुरीवर' की 'मटेरियलसह' हेही लिहून घ्यावे. आम्ही सिमेंट, वाळू, नळ्या त्याच्याकडे ठेवल्या. टाइल, कमोड, बेसिन आणि नळ आम्ही आणले.

आता माझ्या वहीतले आकडे. फोडकाम आणि डेब्रिज चौदा हजार, वॉटरप्रूफिंग चोवीस, आतल्या नळ्या आणि प्लंबरची मजुरी सत्तावीस, टाइल दहा, त्या बसविण्याची मजुरी व सामान अठ्ठावीस, कमोड, बेसिन, नळ मिळून तीस, गीझरची वायर, पंखा, दिवा नऊ, दार आठ. बेरीज दीड लाख. तुमच्याकडे हे आकडे वेगळे पडतील, पण टाइलचे दहा आणि वॉटरप्रूफिंगचे चोवीस हे प्रमाण लक्षात ठेवा, कारण दुकानात मन नेमके उलटे जाते. यावर दहावा हिस्सा, पंधरा हजार, मी वेगळ्या पाकिटात ठेवला होता. त्यातले अकरा हजार मैल्याच्या उभ्या नळीच्या कुजलेल्या सांध्याने खाल्ले. फोडल्यावाचून तो कोणालाच दिसला नसता.

डेब्रिजचे हसू नका. कोबा आणि भिंतींचा जुना गिलावा मिळून पन्नास-साठ गोण्या सहज भरतात, आणि सोसायटी त्या लिफ्टमधून उतरवू देत नाही. गोण्या कोण उतरविणार आणि महापालिकेच्या 'डेब्रिज ऑन कॉल' सेवेला कोण कळविणार, हे कागदावर असू द्या. नाही तर त्या आठवडाभर जिन्यात राहतात आणि बोलणी आपल्याला बसतात.

पैसे देण्याचे टप्पे ठरवून घ्या. आम्ही आगाऊ वीस टक्के दिले, पाण्याची परीक्षा झाल्यावर पंचवीस, टाइल बसल्यावर तीस, नळ चालू झाल्यावर पंधरा आणि शेवटचे दहा महिन्यानंतर. कंत्राटदाराने जरा कुरकुर केली, पण ऐकले. तोही आपल्यासारखाच संसारी माणूस. मजुरांचा आठवड्याचा पगार त्याला चुकत नाही. टप्पा पुरा झाला की त्याच संध्याकाळी पैसे द्यावेत, उद्यावर ढकलू नयेत.

पाण्याची परीक्षा म्हणजे खोलगट भागाला वॉटरप्रूफिंग झाल्यावर ट्रॅप बंद करून निदान अठ्ठेचाळीस तास पाणी भरून ठेवणे. भराव टाकण्याआधी एकदा आणि कोबा झाल्यावर पुन्हा एकदा. मिस्त्री घाई करतो, 'ताई, रात्रभर पुरे' म्हणतो. पुरे नाही. मी खालच्या वहिनींना आधी सांगून ठेवले आणि दोन्ही दिवशी सकाळ-संध्याकाळ त्यांच्या छताला हात लावून आले. हे काम पावसाळ्यात काढू नये, कारण त्या दिवसांत डाग वरच्या न्हाणीघराचा की बाहेरच्या भिंतीचा हे ओळखता येत नाही. आणि मे महिन्यात पाणीकपातीचे सावट असते. डिसेंबर-जानेवारी बरा. ज्यांचे संडास आणि न्हाणीघर वेगळे आहे त्यांनी एकावेळी एकच फोडावे. घरातल्या बायकांना शेजारी किती वेळा जावे लागणार, याचा विचार अंदाजपत्रकात कोणीच लिहीत नाही.

लादी बसताना उतार स्वतः पाहा. सहा फुटांत निदान पाऊण इंच हवा. तांब्याभर पाणी ओतून ते ट्रॅपकडे पळते का ते बघावे. घरात सासूबाई-सासरे असतील तर आधाराचा दांडा कोठे बसणार ते टाइलपूर्वी ठरवा, म्हणजे त्या जागी भिंत भक्कम करता येते. दार बाहेर उघडणारे असावे. आत कोणी दाराला टेकून पडले, तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही. कडीही बाहेरून उघडता येईल अशी मिळते. गीझरसाठी अर्थिंग आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी लावून घ्यावा. तिथे काटकसर नको.

आणि गिलावा होण्यापूर्वी, भिंतीतल्या नळ्या उघड्या असताना, शेजारी मोजपट्टी धरून चारही भिंतींचे फोटो काढून ठेवा. माझे फोटो वहीत चिकटविले आहेत. परवा आरसा ठोकणारा आला, तेव्हा त्याने ड्रिल लावण्याआधी मी ती वही त्याच्यापुढे उघडून धरली.