दोष देहाचा की वस्तीचा?

अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या स्थूलतेविषयी निकाल देण्यापूर्वी पुरावा पाहा. २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत त्यांच्यापैकी ५६.९ टक्के प्रौढ स्त्रिया स्थूल आढळल्या. गोऱ्या स्त्रियांत हेच प्रमाण ३९.८ टक्के होते. हा आळसाचा परिणाम, असे म्हणणे सोपे आहे. परंतु १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या तांबड्या रंगाने रंगवून कर्जास धोक्याच्या ठरविल्या गेल्या. भांडवल आटले. अशा कित्येक वस्त्यांत ताज्या भाजीचे दुकान आजही जवळपास नाही. तळलेले स्वस्त अन्न मात्र कोपऱ्यावर मिळते. घरांबाबतचा भेदभाव १९६८ च्या कायद्याने निषिद्ध झाला खरा. कायदा झाला की भेद मिटला, असे आम्ही वकील फार लवकर मानतो! दोन नोकऱ्या करून रात्री परतणाऱ्या तेथील आईला तुम्ही कोणता पथ्याहार सांगाल?