राखेंतील साक्षीदार

तिसऱ्या दिवशीं स्मशानांत अस्थि वेंचणाऱ्या माणसाला हें ठाऊक असतें कीं, अग्नि देह नेतो, पण हाडें सर्वस्वीं नेऊं शकत नाहीं. न्यायवैद्यकाची एक शाखा याच अनुभवावर उभी आहे.

८ ऑक्टोबर २०११ रोजीं स्पेनमधील कॉर्दोबा शहरीं एका पित्यानें, आपलीं दोन मुलें बागेंत हरवलीं, अशी वर्दी दिली. मुलगी ६ वर्षांची, मुलगा अवघा २ वर्षांचा. पित्याच्या आईबापांच्या मळ्यांत पोलिसांना विझलेला जाळ आणि राखेंत हाडांचे तुकडे आढळले. पोलिसांकडील तज्ज्ञानें निर्वाळा दिला कीं, हीं हाडें जनावरांचीं आहेत. मग शोध चालूच राहिला, आणि आई वाट पाहत राहिली.

भाजलेलें हाड वाचावें तरी कसें? मध्यम आंचेंत आंतील सेंद्रिय द्रव्याचा कोळसा होऊन तें काळें पडतें. आंच वाढली म्हणजे कोळसाही जळून जातो आणि हाड करडें, शेवटीं पांढरें होतें. तें आखडतें, वांकतें, तडकतें. मांसासह जळलेल्या हाडावर बहुधा वक्र भेगा उमटतात. प्रखर आंचेंत आनुवंशिक द्रव्य, म्हणजे डीएनए, नष्ट होतें. उरतो तो केवळ आकार. पण तोही बोलका असतो. मुलाच्या हाडांचीं टोकें अद्याप जुळलेलीं नसतात, आणि जबड्यांत पुढचे दांत ठराविक क्रमानें घडत असतात. त्यांवरून वय सांगतां येतें.

कॉर्दोबांतही डीएनए मिळालें नाहीं. पित्यानें धातूच्या मेजाच्या साह्यानें भट्टीसारखी आंच केली होती. परंतु आईच्या बाजूनें दुसऱ्या परीक्षेचा आग्रह धरण्यांत आला. ऑगस्ट २०१२ मध्यें फ्रान्सिस्को एचेबेरिया यांनीं तींच हाडें पाहून सांगितलें कीं, हीं सुमारें ६ व २ वर्षांच्या दोन मानवी बालकांचीं आहेत. इतर तज्ज्ञांनींही तेंच मत दिलें. जुलै २०१३ मध्यें जूरीनें पित्याला दोषी ठरविलें व त्यास ४० वर्षांची शिक्षा झाली.

पहिलें मत चुकलें, तरी हाडें जपून ठेविलीं होतीं. त्या मतावर विसंबून ती राख फेंकली गेली असती, तर त्या मातेला जन्मभर वाट पाहावी लागली असती.