वेप, आवाज आणि पाण्याचा घोट

सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली आपली कितीतरी कुटुंबं राहतात. लूमच्या खडखडाटात शेजारच्याशीही ओरडूनच बोलावं लागतं. आवाज बसला की घरचे म्हणतात, कामाचाच परिणाम. असा पेशंट स्पीच थेरपीला आला की मी विचारते, तंबाखू? गुटखा? बिडी? तरुण मुलं नाही म्हणतात, आणि ते खरंही असतं. मी वेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, नाव घेते, तेव्हा कुठे हात खिशाकडे जातो. वास फळाचा, राख नाही, मग हे व्यसन कसलं, असं त्यांना वाटतं. शिवाय २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री, आयात, साठवण, जाहिरात सगळं बंद. त्यामुळे सांगायची धास्तीही असते.

वेपच्या द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. दोन्ही पाणी ओढून घेणारे पदार्थ. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभराहून अधिक वेळा कंप पावतात, बाईचे दोनशेच्या आसपास. हे निभतं ते त्यांच्यावरच्या ओलाव्याच्या पातळ थरामुळे. तो सुकला की त्याच शब्दाला छातीतून जास्त जोर लागतो. मी एका श्वासात ‘आ’ लावायला सांगते. निरोगी तरुणाला पंधरा-वीस सेकंद सहज जमतं. वेप ओढणाऱ्याचा आवाज मध्येच चिरतो, नुसती हवा सुटते, गळ्याच्या शिरा फुगतात. तासभर आवाजाचा व्यायाम करून जिन्यातच पुन्हा वेप ओढला, तर त्या व्यायामाचं काय उरणार?

गिळण्याचंही तसंच. कोरड्या तोंडात भाकरीचा घास नीट भिजत नाही, घशाला चिकटतो. निकोटिनमुळे जठराच्या तोंडाची झडप सैल पडते, आंबट वर येतं, घसा आणखी सोलवटतो. पण मला खरी काळजी वाटते ती ठसका न लागण्याची. वेप ओढल्यावर निरोगी माणसाचीही खोकल्याची प्रतिक्रिया काही काळ मंदावते, हे प्रयोगांत दिसलं आहे. पक्षाघातानंतर ज्याचं गिळणं बिघडलंय, त्याच्या श्वासनलिकेवर खोकला हाच पहारेकरी. तोच पेंगला तर चहाचा घोट गुपचूप फुप्फुसात उतरतो आणि पुढे न्यूमोनिया होतो. म्हणून घरच्यांनो, पाणी प्यायल्यावर माणसाचा आवाज ओला, घुरघुरता येतोय का, कान देऊन ऐका. येत असेल तर लगेच दाखवा.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. तंबाखू खाणाऱ्यांनी तर टाळाटाळ करूच नये. कर्करोग नाही ना, हे पाहायलाच हवं. व्यसन सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी मदतवाणी मोफत आहे. आणि थेरपिस्टपासून लपवू नका. कुठून आणला, कुणी दिला, हे मी विचारणार नाही. दिवसातून किती वेळा ओढता आणि शेवटचा कधी ओढलात, एवढंच सांगा.